मागच्या ॲक्सलचे बोल्ट तुटायला लागले की

पिकअपच्या मागच्या चाकाच्या मधोमध एक गोल भाग बाहेर आलेला असतो आणि त्याच्या कडेने बोल्टांची डोकी मांडलेली असतात. हे सगळं त्या बोल्टांबद्दल आहे. कुठे ते सहा असतात, कुठे आठ, कुठे त्याहून जास्त. चाकाचे नट वेगळे आणि हे वेगळे. चाकाचे नट रिम हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाला, धरून ठेवतात. हे बोल्ट ॲक्सल शाफ्टची चकती हबला धरून ठेवतात. इंजिनाची सगळी ताकद चाकात उतरते ती याच सांध्यातून.

तुमच्या गाडीत चाकाच्या मध्ये असं काही नसेल, नुसते चाकाचे नट दिसत असतील, तर तुमचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग जातीचा. त्याचे बोल्ट आतल्या बाजूला, ब्रेकच्या पत्र्यामागे असतात. त्याबद्दल खाली लिहिलंय, पण एक गोष्ट आत्ताच सांगतो: त्या जातीत बेअरिंग धरणारे बोल्ट गेले तर ॲक्सलसकट चाक बाहेर सरकू शकतं. तिथे "हळूहळू नेतो घरापर्यंत" चालत नाही. वर सांगितलेल्या, बाहेरून बोल्ट दिसणाऱ्या फुल-फ्लोटिंग जातीत वजन हबच्या दोन बेअरिंगांवर असतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, म्हणून सगळे बोल्ट गेले तरी चाक जागेवर राहतं. गाडी मात्र जागची हलत नाही.

बोल्ट सगळ्यात शेवटी तुटतो

माझ्याकडे तुटलेला बोल्ट घेऊन येणारा माणूस बहुधा एकच मागतो: तसाच एक नवा द्या. तो एक बसवून दिला की थोड्या दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न, आणि या वेळी दोन तुटलेले असतात. कारण तुटण्याच्या कितीतरी आधी पकड गेलेली असते.

या सांध्यातला बोल्ट अडसर म्हणून बसवलेला नसतो. तो शाफ्टची चकती आणि हबचं तोंड एकमेकांवर इतक्या जोरात आवळतो, की त्या दोन पृष्ठांच्या घर्षणावरच सगळा जोर पेलला जातो. बोल्टाने फक्त ताणलेलं राहायचं. कागदावर मांडून बघा. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरने तो चौपट होतो, मागच्या ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांनी आणखी चौपट, म्हणजे ३,२०० झाले. दोन चाकांत निम्मेनिम्मे वाटले तर एका बाजूला १,६००. बोल्टांचं वर्तुळ मध्यापासून ५ सेंटिमीटरवर असेल तर त्या वर्तुळावर साधारण ३.२ टनांचा आडवा जोर येतो. आता पकड बघा. ८.८ प्रतीचा (हा आकडा खाली समजावलाय) एम१२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट नीट आवळला तर तो जवळपास ३.७ टनांनी ओढून धरतो. आठ बोल्टांचे झाले ३० टन. कोरड्या लोखंडावर लोखंडाचं घर्षण ०.१५ धरलं तर साडेचार टन आडवा जोर ही पकड सहज झेलते. यातले दोन बोल्ट ढिले पडले की तोच आकडा सव्वातीनवर येतो. म्हणजे काठावर. त्यात भरलेली गाडी चढावर क्लच झटकन सोडून उचलली, की चकती केसभर सरकते.

दर वेळी केसभर सरकली तरी बोल्ट एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. अशा वाकण्याने लोखंड थकतं, आट्याच्या खाचेत बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी पुढे जाते. सरतेशेवटी रिकामी गाडी मागे घेतानाही तो तुटतो, आणि मालक म्हणतो, "काही वजनच नव्हतं हो!"

काय दिसतं, काय ऐकू येतं

सगळ्यात आधी दिसते ती तांबूस पूड. बोल्टाच्या डोक्याखाली किंवा चकती आणि हब जिथे भेटतात त्या रेघेवर गंजासारखी बारीक, मऊ भुकटी. साधा गंज कडक असतो, नखाने निघत नाही. ही बोटाला लागते. दोन लोखंडी पृष्ठं एकमेकांवर घासल्याशिवाय ती तयार होत नाही. तेल झिरपत असेल तर तीच पूड तेलात मिसळून चॉकलेटी लेप दिसतो.

मग तेल. हबच्या मध्यापासून रिमवर बाहेरच्या दिशेने फेकल्यासारखे ओघळ दिसले तर ते या सांध्यातून येतंय. टायरच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पत्र्यावर तेल असेल तर हबचं आतलं सील गेलंय, तो वेगळा विषय. फक्त तेवढ्यात ब्रेक शू उघडून बघा. तेल प्यायलेले शू धुऊन परत बसवू नका, बदला.

आवाज येतो तो गाडी पुढून मागे आणि मागून पुढे घेताना. पहिल्यांदा क्लच सोडला की एक "टक", रिव्हर्सला परत एक. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचाही असाच येतो, म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नका. गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना ठोकळे, आणि एकाने हळूच क्लच सोडत-दाबत राहायचं. दुसऱ्याने हबच्या बाजूला बसून चकती आणि हब यांच्या रेघेवर नजर ठेवायची, हात नाही. आधी त्या रेघेवर आडवी खडूची खूण करून घ्या. खूण तुटली, म्हणजे अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली, तर आणखी काही शोधायचं कारण नाही.

हलक्या हातोडीने एकेका डोक्यावर टिचकी मारूनही कळतं. आवळलेला बोल्ट खणखणीत वाजतो, ढिला किंवा आतून तुटलेला बोदा वाजतो. आणि कधीकधी बोल्ट तुटूनही डोकं जागेवरच असतं, तेल-मातीने चिकटून. आमच्याकडचा पोरगा नवीन असताना आठ डोकी मोजून "सगळे आहेत" म्हणाला होता. त्यातली दोन हाताने उचलून निघाली. तेव्हा मोजू नका, प्रत्येकावर पाना लावा.

रस्त्यातच कळलं तर

एकच तुटलाय, बाकीच्यांवर पाना लावून ते घट्ट लागले, तेल गळत नाही: माल उतरवता येत असेल तर उतरवा, क्लच हळू सोडा, चढावर आधीच खालच्या गिअरला या, आणि जवळच्या जागी पोचा. दोन शेजारशेजारचे गेले असतील तर माल घेऊन पुढे जाऊ नका. त्यापुढे उरलेल्यांवर जोर सारखा येत नाही, तुटलेल्यांच्या शेजारचे आधी मरतात.

सगळेच गेले आणि शाफ्ट बाहेर सरकला तर साध्या डिफरन्शियलची (दोन मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांची) गाडी दुसऱ्या चाकावर चालेल असं समजू नका. डिफरन्शियल सगळा फिर मोकळ्या बाजूला देतं. ट्रान्स्फर केस असलेली फोर-व्हील गाडी पुढच्या चाकांवर थोडी हलवता येते, तीही बाजूला घेण्यापुरती. ओढून न्यायची असेल तर शाफ्ट पूर्ण काढून ठेवा, हबचं तोंड जाड प्लॅस्टिकने आणि तारेने बंद करा, नाहीतर तेल जाईल आणि माती आत येईल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही. गिअरची पकड शाफ्टातूनच चाकापर्यंत जाते. एक बाजू मोकळी झाली की साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरी बाजूही मोकळी होते. हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर असेल तर तोही निकामी. उतारावर शेवटचा बोल्ट काढणाऱ्या माणसाच्या अंगावर गाडी येते ती अशी. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी ठोकळे. दगड घसरतो.

खोलताना

फुल-फ्लोटिंगचं सुख हे, की शाफ्ट काढायला चाक काढावं लागत नाही. तरी त्या बाजूला जॅक लावून ती थोडी उचला आणि स्टँडवर टेकवा. तेल दुसऱ्या बाजूला जातं आणि निम्मी घाण वाचते. खाली तसराळं ठेवा. जॅकवर सोडलेल्या गाडीखाली जाऊ नका, चाक लावलेलं असलं तरी.

सांध्याभोवतीची माती आधी तारेच्या ब्रशने काढा, मगच पाना लावा. बोल्ट समोरासमोरचे घ्या, सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, मग काढा. प्रत्येक बोल्ट किती जोराने सुटला हे लक्षात ठेवा. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढून आठ भोकं पाडायची आणि बोल्ट ज्या जागेचा त्या भोकात खोचायचा, ही माझी पद्धत. कुठला हाताने सुटला, कुठला पाइप लावून सुटला, हे शेजारी लिहायचं. पुढे कारण शोधताना हा पुठ्ठा फार बोलतो.

चकती चिकटलेली असते. तिच्या आणि हबच्या फटीत छिन्नी घालू नका. एक ओरखडा पडला की तिथून कायमचं तेल. चकतीला बऱ्याचदा दोन जादा भोकं असतात आट्यांची; त्यांत बोल्ट फिरवले की ते हबला टेकून चकती बाहेर ढकलतात. दोन्ही बारीबारीने आवळा. भोकं नसतील तर तांब्याच्या किंवा पितळी हातोडीने चकतीच्या कडेला फिरून फिरून ठोका.

काही ॲक्सलांना बोल्टांऐवजी स्टड असतात आणि नटाखाली फाटलेला शंकू, म्हणजे कोन-वायसर. नट काढला तरी तो निघत नाही. नट दोन-तीन आट्यांवर ठेवूनच चकतीच्या मधोमध पितळी हातोडीने ठोका, कोन एकेक करून उडी मारून सुटतात. नट ठेवायचा तो यासाठीच, नाहीतर ते कुठेतरी उडतात. हे कोन हरवू नका. स्टड भोकाच्या मधोमध धरायचं काम त्यांचं आहे. कोणीतरी एखादा कोन न घालता साधा वायसर घातलेला असतो, आणि बरोबर तोच स्टड तुटतो.

शाफ्ट बाहेर ओढताना खालून हाताचा आधार द्या. तो लोंबला की ज्या ॲक्सलमध्ये नळीत सील आहे तिथे सीलचा ओठ फाटतो.

तुटलेल्या तोंडाकडे नीट बघा

मला आता चष्म्यानेही नीट दिसत नाही, म्हणून मी फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून बघतो. तुटलेल्या पृष्ठाचा एक भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या बारीक कमानी दिसतात. जिथून कमानी सुरू होतात तिथे चीर पडली. उरलेला भाग खरबरीत, करडा. तो शेवटच्या झटक्यात तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरबरीत छोटा असेल तर बोल्ट फार दिवस अर्धा तुटूनच चालत होता, आणि शेवटी उरलेल्या जरा लोखंडावर गाडी ओढली जात होती. म्हणजे पकड कमी होती. वलयंच नाहीत, सगळं तोंड खरबरीत किंवा एका बाजूला घसरल्यासारखं, तर एकाच मोठ्या झटक्याने गेला. आटे लांबलेले, मान बारीक झालेली आणि पीळ दिसत असेल तर आवळतानाच कोणीतरी त्याचा जीव घेतला होता.

कुठे तुटला हेही बघा. चकती आणि हबच्या रेघेत तुटला तर चकती सरकत होती. डोक्याखालीच तुटला तर डोकं सपाट बसत नव्हतं: खाली रंगाचा थर, वाकडा वायसर किंवा खोलगट झालेली जागा.

मग हब. दोन्ही हातांनी चाक वर-खाली हलवा, ते हवेत असताना. खळखळ असेल तर बेअरिंग ढिले आहेत, आणि हेच कारण सगळ्यात जास्त नजरेआड होतं. हब डुलतो, शाफ्ट डुलत नाही, आणि त्या दोघांमधला सगळा वाकडेपणा बोल्टांवर येतो. अशा गाडीत नुसते नवे बोल्ट घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बेअरिंगचा नट खोलून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने प्रीलोड किंवा खेळ लावून घ्या.

चकतीची भोकं लंबगोल झाली आहेत का? नवा बोल्ट घालून हलवा. हबच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून पाठीमागे उजेड धरा. मध्ये उजेड आला तर तोंड घासून खड्डा पडलाय. बारीक डाग तेलदगडाने निघतात. खड्डा असेल तर लेथवर तोंड मारून घ्यावं लागतं, आणि भोकं लंबगोल असतील तर शाफ्ट बदलावा लागतो. तिथे वेल्डिंग करून भोक भरू नका. शाफ्ट उष्णतेने कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या शेजारी तो काचेसारखा ठिसूळ होतो.

आत अडकलेला तुकडा

याला लोक घाबरतात, पण आडव्या जोराने तुटलेल्या बोल्टाचा आतला तुकडा बऱ्याचदा ढिलाच असतो, कारण त्याच्यावर ताण उरलेला नसतो. अणकुचीदार पंच त्याच्या कडेला तिरका लावा आणि उलट्या दिशेने हलके हलके ठोका. फिरला की बोटानेच निघतो.

फिरला नाही तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी तुकड्याच्या बरोबर मध्ये पंच मारा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाकडं. एम१२ ला आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग ५-६. डाव्या फिरीचा ड्रिल मिळाला तर तोच वापरा. भोक पडता पडताच कितीदा तुकडा स्वतःहून बाहेर येतो. मग ईझी-आउट, म्हणजे त्या भोकात उलटा फिरवून तुकडा बाहेर काढायचा उलट्या आट्यांचा दांडा. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर त्याला साधा ड्रिल लागत नाही. म्हणून हात जड वाटला की थांबा, जोर लावू नका.

तुकडा तोंडाशी असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारणं ही माझ्या मते सगळ्यात चांगली युक्ती. बोल्ट तापतो, फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मात्र बॅटरीची तार काढा, आणि वेल्डिंगची अर्थ हबलाच, तुकड्याच्या अगदी जवळ लावा. चॅसीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या रोलरांवर बारीक खड्डे पडतात. महिन्याभराने बेअरिंग घुमायला लागतं आणि कोणाला कळत नाही का. तेल सांडलेलं पुसून घ्या, सील जवळ असेल तर थांबून थांबून काम करा.

काहीच चाललं नाही तर एम१२ च्या १.७५ पिचच्या बोल्टासाठी १०.२ मिलिमीटर, एम१० च्या १.५ पिचसाठी ८.५ मिलिमीटर हा आटे मारायचा ड्रिल. मधोमध पडला असेल तर जुने आटे तारेसारखे सुटून येतात आणि टॅप फिरवून भोक पुन्हा कामाचं होतं. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेच्या आट्यांची गुंडाळी) चालतो, तो नीट बसवला तर मूळ आट्यांपेक्षा कमी नसतो. पण एका हबमध्ये शेजारशेजारची तीन भोकं गेली असतील तर मी हब बदलायला सांगतो.

नवा बोल्ट

सगळे बदला, त्या चाकाचे सगळेच्या सगळे. एक तुटला तेव्हा बाकीच्यांनी त्याचाही भार घेतलेला असतो आणि त्यांच्या आट्यांतही चिरा सुरू झालेल्या असतात, डोळ्यांना दिसत नसल्या तरी.

डोक्यावर आकडा असतो. ८.८ म्हणजे तुटायची ताकद चौरस मिलिमीटरला साधारण ८०० न्यूटन, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. १०.९ म्हणजे १,००० आणि ९० टक्के. इंचातल्या बोल्टांवर आकड्याऐवजी रेघा: तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८. मूळ बोल्टावर जे होतं तेच घ्या. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट इथे नको. चकचकीत स्टेनलेसही नको. तो गंजत नाही एवढंच, नेहमीचा ए२-७० हा १०.९ च्या जवळपासही जात नाही, आणि त्याचे आटे एकमेकांत जाम होतात.

लांबी मोजा. कमी असली तर आटे पुरत नाहीत. लोखंडात बोल्टाच्या जाडीइतके तरी आटे गुंतले पाहिजेत, बिडात दीडपट. जास्त असली तर त्याहून वाईट: बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क पाना "कट" म्हणतो, आणि चकती मोकळीच राहते. चकती न लावता नवा बोल्ट हाताने पूर्ण आत फिरवा, किती आत जातो ते मोजा, आणि चकतीची जाडी धरून हिशोब करा. बंद भोकात तेल साठलेलं असेल तर तेही असाच खोटा घट्टपणा दाखवतं, म्हणून भोकं हवेने झाडून, कपड्याने कोरडी करा.

बसवताना

दोन्ही तोंडं रंग, जुनं गॅस्केट, सिलिकॉन यांपासून पूर्ण साफ. कंपनीने गॅस्केट दिलं असेल तर तेच, दोन नाहीत. जाड गॅस्केट दबत राहतं आणि दबलं तेवढा बोल्टाचा ताण उतरतो. सिलिकॉन लावायचं असेल तर पातळ, बोटाने पुसल्यासारखं.

सगळे बोल्ट हाताने दोन-तीन फेरे आत जाऊ द्या. मग समोरासमोरचे घेत तीन टप्प्यांत आवळा: आधी एकतृतीयांश, मग दोनतृतीयांश, मग पूर्ण. आकडा गाडीच्या पुस्तकातला. तो मिळेपर्यंत अंदाज यावा म्हणून: ८.८ चा एम१० साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, एम१२ ८० ते ९०, १०.९ चा एम१० ६५ ते ७०, एम१२ ११५ ते १२५. हे कोरड्या किंवा जेमतेम तेल लागलेल्या आट्यांचे. लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जातो, ताण द्यायला दहाएक टक्केच उरतो. म्हणून आट्यांना ग्रीस चोपडून तोच आकडा लावला तर बोल्टावर ताण कितीतरी जास्त बसतो आणि तो लांबतो.

इम्पॅक्ट गनबद्दल माझं काही वैर नाही, खोलायला ती उत्तम. पण शेवटचा घट्टपणा तिने देऊ नका. टॉर्क पाना सावकाश ओढा, पहिल्या "कट"ला थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा "कट" करू नका. आणि त्या पान्याने कधी बोल्ट खोलू नका.

लॉकटाइट (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) लावायचं असेल तर मध्यम ताकदीचं, निळं, आटे पेट्रोलने धुऊन सुकल्यावर, दोन थेंब. लाल लावलं तर पुढच्या वेळी हबला गॅस दाखवल्याशिवाय बोल्ट निघत नाही. भोक आरपार तेलात जात असेल तर हेच लॉकटाइट तेलही अडवतं.

मग रंगाच्या पेनने प्रत्येक डोक्यावरून चकतीवर एक सरळ रेघ. ही रेघ मला टॉर्क पान्याइतकीच आवडते. रोज सकाळी नजर टाकली की झालं.

शंभरेक किलोमीटरनंतर, हब थंड असताना, टॉर्क पाना परत लावा. आणि एकदा पाचशेच्या आसपास. लॉकटाइट लावलेलं असेल तर मात्र पूर्ण आकड्याने फिरवून बघू नका, जरा हलला की चिकटलेला थर मोडतो. तिथे रेघ बघा, आणि फार तर कमी आकड्यावर पाना लावून बोल्ट हलत नाही एवढी खात्री करा. रेघ सरकली असेल तर तो बोल्ट काढून, धुऊन, नव्याने.

तेल शेवटी. गाडी सपाटीवर आणून, पुस्तकात वेगळं दिलं नसेल तर भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. हबच्या बेअरिंगांना तेल नळीतून पोचायला वेळ लागतो, म्हणून बेअरिंग उघडले असतील तर बसवतानाच त्यांना तेल किंवा ग्रीस, पुस्तक सांगेल ते, लावलेलं असावं. थोडं चालवून पातळी परत बघा, ती उतरलेली असते.

सेमी-फ्लोटिंग आणि यू-बोल्ट

सेमी-फ्लोटिंगला बेअरिंगचा पत्रा धरणारे बोल्ट बहुधा चार. त्यांच्याकडे पोचायचा पाना शाफ्टच्या चकतीतल्या मोठ्या भोकातून जातो. चाक हवेत धरून आत-बाहेर ओढा; बाहेरून "ठक" लागलं तर गाडी तिथेच उभी. काही ॲक्सलमध्ये शाफ्ट डिफरन्शियलच्या आत सी-क्लिपने धरलेला असतो, तिथे हे बोल्टच नसतात, आणि खेळ आला तर कव्हर उघडून बघावं लागतं.

ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांना धरणारे यू-बोल्ट ढिले झाले तर पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटतो, कारण ॲक्सल मागे-पुढे सरकू लागतो आणि तो सगळा मार त्या एका बोल्टावर. गाडी सरळ रस्त्यावर थोडी तिरकी चालते, स्टिअरिंग एका बाजूला धरावं लागतं. दोन्ही बाजूंची पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतची लांबी टेपने मोजा. एका बाजूला जास्त भरली तर तिकडचा सेंटर बोल्ट आधी बघा. काढलेला यू-बोल्ट परत वापरू नका, तो एकदा लांबलेला असतो. नवा आवळताना चारही नट आलटून पालटून घ्या. शेवटचा घट्टपणा गाडी चाकांवर उभी असताना द्या, ॲक्सल लोंबत असताना नाही. भरलेली गाडी पाचशे-आठशे किलोमीटर चालल्यावर पाटे एकमेकांवर बसतात आणि नट हमखास थोडे फिरतात. तेवढे फिरवून झाले की त्या नटांवरही पेनने रेघ मारा.